कायदा करताना हात वर, कायदा लागला की गळा मोकळा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, कर्ज, विजेचं बिल यांवर आज सकाळपासून बोलणं झालं आहे. मी वेगळा विषय घेणार आहे. तो ऐकून काहींना वाटेल, हा वकिलांचा विषय, आपला काय संबंध? संबंध आहे. आंदोलन करणाऱ्या माणसाचा फौजदारी कायद्याशी संबंध येतोच. आणि आंदोलन न करणाऱ्या शेतकऱ्याचाही तो आलेला आहे. एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्यानंतर स्वतःच्या रानातला कापूस स्वतःच्या बैलगाडीतून राज्याच्या हद्दीपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता. लेव्हीच्या दिवसांत ज्वारीच्या पोत्यांचंही तेच होतं. चोरी नाही, मारामारी नाही, आपलाच माल, तरी गुन्हा! तेव्हा गुन्हा कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं आणि कसं ठरवतं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आता सरकारं आघाडीची असतात. आघाडी म्हणजे बटईची शेती. जमीन एकाची, बैल दुसऱ्याचे, बी-बियाणं तिसऱ्याचं. पीक आलं की वाटणीवरून भांडण ठरलेलं. पण खाती, महामंडळं, पालकमंत्रिपदं यांवरून भांडणारे हे वाटेकरी माणसाला तुरुंगात टाकण्याच्या कायद्यावरून कधी भांडतात का? भांडतात. मात्र केव्हा भांडतात, ते पाहण्यासारखं आहे. त्यासाठी पोटा कायद्याची हकिगत सांगतो.

पोटाच्या आधी टाडा होता. १९८५ साली आला, १९८७ साली पुन्हा नव्याने झाला. दहा वर्षांत या कायद्याखाली सुमारे ७६ हजार माणसं धरली गेली. शिक्षा झाली ती शंभरात दोघांनाही नाही. बाकीच्यांचं काय झालं? वर्षानुवर्षं आत राहिले, मग सुटले. १९९५ च्या सुरुवातीला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्र लिहून सांगितलं की, या कायद्याची मुदत वाढवू नका. त्याच वर्षी मे महिन्यात टाडा संपला. कोणी तो रद्द केला नाही. कायद्यातच मुदत लिहिलेली होती, ती भरली आणि कायदा गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

नंतर केंद्रात वाजपेयींचं सरकार आलं, वीस-बावीस पक्षांची मोट बांधलेलं. २४ ऑक्टोबर २००१ रोजी या सरकारने पोटोचा वटहुकूम काढला. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. दहशतवाद खोटा होता असं मी म्हणत नाही. मुंबईत १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं मेली, त्यांतली बहुतेक तुमच्या-माझ्यासारखी पोटासाठी घराबाहेर पडलेली. अशा गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की त्यासाठी केलेलं हत्यार कोणाच्या हातात जाणार आणि कोणावर चालणार?

या कायद्यात काय होतं? पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार. आरोपपत्राशिवाय १८० दिवस आत ठेवता येणार. जामीन जवळजवळ नाहीच. १८० दिवस म्हणजे किती, हे कोरडवाहू शेतकऱ्याला वकिलाने सांगायला नको. मृगात पेरणीच्या वेळी माणूस आत गेला, तर कापसाची वेचणी येईपर्यंत आतच. एक अख्खा हंगाम. गुन्हा शाबीत व्हायचाच आहे, पण घरादाराला शिक्षा होऊन गेलेली.

सहकारी पक्षांत कुरबूर झाली, विरोधकांनी आरडाओरड केली. विधेयक संसदेत आलं तेव्हा त्याची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणलेली होती आणि माहिती न दिल्याबद्दल शिक्षेचं एक कलमही गळालेलं होतं. एवढं झाल्यावर सोबत्यांनी हात वर केले. लोकसभेने मंजूर केलं, राज्यसभेने २१ मार्च २००२ रोजी फेटाळलं. मग २६ मार्चला दोन्ही सभागृहांचं संयुक्त अधिवेशन बोलावलं गेलं. स्वतंत्र भारतात तोवर असं फक्त दोनदा घडलं होतं. ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पोटा झाला.

आता पुढचं ऐका. तामिळनाडूचे वायको हे त्याच आघाडीतल्या एका पक्षाचे नेते आणि खासदार. कायद्याच्या बाजूने त्यांनी संसदेत पाठिंबा दिलेला. चार महिनेही झाले नाहीत, ११ जुलै २००२ रोजी परदेशातून येऊन ते चेन्नईच्या विमानतळावर उतरले आणि जयललितांच्या पोलिसांनी त्यांना पोटाखालीच अटक केली. का? त्यांनी एका सभेत श्रीलंकेतल्या तामिळ वाघांच्या बाजूने भाषण केलं होतं. वायको दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिले. दिल्लीत सरकार त्यांच्या आघाडीचं, कायदा त्यांनीच पाठिंबा दिलेला, आणि बाहेर काढणारं कोणी नाही!

दुसरं उदाहरण उत्तर प्रदेशचं. तिथे मायावतींचं सरकार भाजपच्या पाठिंब्यावर उभं. जानेवारी २००३ मध्ये त्या सरकारने राजा भैया नावाच्या आमदाराला पोटा लावला. हे गृहस्थ भाजपच्या आधीच्या मंत्रिमंडळांत मंत्री राहिलेले. लगेच भाजपचे प्रदेशातले नेते म्हणू लागले, हा कायद्याचा गैरवापर आहे, पोटा मागे घ्या. दिल्लीत ज्यांनी कायदा आणला, लखनौत त्यांनाच तो टोचू लागला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! ऑगस्ट २००३ मध्ये मायावतींचं सरकार गेलं, मुलायमसिंह आले आणि शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी पोटा मागे घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे पोटा लागणं आणि पोटा निघणं, दोन्ही खुर्चीवर कोण बसलंय यावर ठरलं.

पुढारी सुटले. पण झारखंडमध्ये याच कायद्याखाली आदिवासी, शेतमजूर आणि अल्पवयीन पोरंही धरली गेली होती. त्यांच्यासाठी कोणत्या सहकारी पक्षाने आघाडी सोडण्याची धमकी दिली? एकानेही नाही.

वायको आत बसले म्हणून एक झालं. द्रमुक आणि वायकोंचा पक्ष सरकारच्या मागे लागले. २००३ च्या अखेरीस पोटात दुरुस्ती झाली आणि पुनर्विलोकन समितीचा निर्णय सरकारवर बंधनकारक झाला. १६ डिसेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण नुसता तोंडी पाठिंबा म्हणजे गुन्हा नव्हे, गुन्ह्याचा हेतू लागतो, असंही सांगितलं. त्याच सुमारास हे दोन्ही पक्ष आघाडीतून बाहेर पडले आणि काँग्रेसबरोबर गेले. २००४ च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या आघाडीने तामिळनाडूतल्या सगळ्या ३९ जागा जिंकल्या. नव्या सरकारच्या किमान समान कार्यक्रमात पोटा रद्द करण्याचं वचन आलं आणि सप्टेंबर २००४ मध्ये वटहुकूम काढून तो रद्दही झाला.

आपण टाळ्या वाजवाव्या का? थांबा. त्याच दिवसांत १९६७ च्या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून दहशतवादाची व्याख्या त्यात बसवली गेली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब तेवढा आला नाही. मुंबईवर २००८ साली हल्ला झाल्यावर, त्याच डिसेंबरात, १८० दिवस आणि जामिनाचं कडक कलमही त्या कायद्यात आलं. पोटाला तीन वर्षांची मुदत होती. या कायद्याला मुदतच नाही. पोटा समोरच्या दाराने गेला आणि बराचसा मागच्या दाराने घरात येऊन कायमचा राहिला.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दहशतवादी कृत्याचं कलम सर्वसाधारण फौजदारी कायद्यातच आलं आहे. त्यात जीवनावश्यक पुरवठ्यात व्यत्यय आणण्याचा उल्लेख आहे. दहशतीचा हेतू लागतो, हे खरं. पण हेतू न्यायालयात ठरतो आणि अटक ठाण्यात होते. मधल्या काळात माणूस आत असतो. आपल्या राज्यातही जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. तीन पक्षांचं सरकार, हरकती-सूचना बारा हजारांवर, संयुक्त समिती बसली, व्याख्येत थोडी सुधारणा झाली. मांडलेल्या विधेयकात रस्ता आणि रेल्वेच्या दळणवळणात अडथळा आणण्याचा उल्लेख होता. रास्ता रोको करणाऱ्यांनी तो वाचावा. सरकार म्हणतं, हे कडव्या डाव्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. वायकोंनाही असंच वाटलं होतं.

या सगळ्यातून मी तीन गोष्टी घेतो. पहिली, आघाडीतला वाटेकरी हा लगाम आहे, पण ढिला लगाम. स्वतःच्या पाठीवर आसूड बसेपर्यंत तो ओढला जात नाही. म्हणून विधेयक मंजूर होण्याआधी त्याला हलवलं पाहिजे. दुसरी, कडक कायदा करायचाच असेल तर मुदत घातलेलीच पाहिजे. टाडा मुदतीमुळे गेला. बिनमुदतीचा कायदा कोणतंही सरकार आपणहून सोडत नाही, विरोधात असताना कितीही ओरडलेलं असो. तिसरी, कायदा पारखायचा तो आपल्या आवडत्या पुढाऱ्याच्या हातात ठेवून नव्हे. ज्याला आपण कधीच मत देणार नाही, त्याच्या हातात हा कायदा दिला तर चालेल का, असं विचारायचं. चालत नसेल, तर तो कायदा नको.

आपल्या तालुक्यात आमदार, खासदार येतात, भावाचं आश्वासन देऊन जातात. यापुढे भावाबरोबर हेही विचारा: तुमच्या सरकारने आणलेल्या फौजदारी विधेयकावर तुम्ही काय बोललात? मुदत मागितलीत का? जामिनाचं कलम वाचलंत का? उत्तर लिहून घ्या, आणि पुढच्या मेळाव्यात ते वाचून दाखवा.

कुंपण शेताच्या राखणीसाठी असतं. ते शेत खाऊ लागलं की नाही, हे शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून पाहायचं असतं.