पोरीला गाडी द्यायची का?

मुलं परगावी शिकायला निघाली, की पालक विचारतात, गाडी पाठवू का? माझी पुतणी बेंगळुरू विद्यापीठात एम. एस्सी. करते आणि इथे के. आर. पुरमला आमच्याकडे राहते. तिचे वडील साताऱ्याहून गाडी पाठवायला निघाले होते.

फौजेत कूच करण्याआधी रस्त्याची रेकी करतात. तिला म्हटलं, आधी तीच कर. ऑक्टोबर २०२३पासून पर्पल लाइनची मेट्रो इथून थेट ज्ञानभारतीला जाते, आणि विद्यापीठाचा परिसर तिथेच आहे. गाडीने जायचं तर टिन फॅक्टरीलाच क्लच दाबून पाय दुखतो; पुढे सगळं शहर ओलांडायचं उरतंच.

तिचा एक मुद्दा मात्र खरा. परिसर मोठा, झाडीचा. प्रॅक्टिकल लांबलं, की अंधारात स्टेशन गाठायचं कसं? त्याला मेट्रो हे उत्तर नाही. तेव्हा मैत्रिणींनी मिळून रिक्षा करायची, पैसे माझे, असं ठरलं.

आणि हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं: एमएच पासिंगची गाडी परराज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, की नव्याने नोंदणी आली. आधी आपल्या आरटीओची एनओसी, मग कर्नाटकचा रोड टॅक्स. पोरीचा कोर्स दोन वर्षांचा आहे.