शिलकेचा मुक्काम



उन्हाळ्याच्या सायंकाळी नागरिकांनी एकत्र बसून व्याख्यान ऐकावे, हा जो प्रघात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेच्या द्वारे पाडला, त्याचे आपण सारे वारसदार आहोत. आणि आजच्या विषयाचा आरंभही मी त्याच सालापासून करणार आहे, कारण त्या वर्षीच्या मे महिन्याच्या १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातीलच सुपे या गावी, कुणब्यांच्या जमावाने सावकारांच्या घरादुकानांवर चाल करून कर्जरोखे हस्तगत केले आणि भर रस्त्यात त्यांची होळी केली. या दंग्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातील एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वी, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला तेव्हा, आपल्याकडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता आणि वाडवडिलांनी कधी न पाहिलेला पैसा दख्खनच्या रयतेच्या हाती खेळला होता. तो पैसा गेला कोठे? कुणबी उधळ्या, लग्नकार्यात पैका उडवितो, हे उत्तर साहेबांच्या दफ्तरात आणि आपल्याही पांढरपेशांच्या बैठकींत तयारच असे. मला ते आळसाचे उत्तर वाटते. पैसा बैलजोडीत गेला, पाटल्या-पुतळ्यांत गेला आणि उरला तो सावकाराच्या वहीत मागील बाकीपोटी जमा झाला. याहून निराळे असे ठिकाणच त्याला गावात उपलब्ध नव्हते. भाव कोसळले आणि साऱ्याचा आकार वाढला, तेव्हा बैल बाजारात उभे राहिले आणि पुतळ्या सोनाराच्या काट्यावर चढल्या.

श्रम करावेत, काटकसर करावी, आणि त्या दोहोंच्या बळावर माणसाने आपली पायरी चढवावी, हा उपदेश आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून ऐकत आलो आहो, आणि त्याच्या सत्यतेविषयी वाद घालण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, उपदेश करणाराने त्याचा उत्तरार्ध सांगण्याचे सोयीस्करपणे टाळले. कष्टकऱ्याला शिल्लक टाकता येत नाही असे नाही. ती टाकल्यावर तिचा मुक्काम कोठे पडतो, तेथे तिला स्वतःच्या गरजेपासून, भावकीच्या मागणीपासून आणि सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण मिळते की नाही, यावर त्याचे वर जाणे अथवा आहे तेथेच राहणे अवलंबून असते. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील जी कुटुंबे मजुरीतून पगारदारीत आणि पगारदारीतून मध्यमवर्गात आली, त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या पाहण्याची सोय असती, तर त्यांत काटकसरीचे कलम सर्वांचे सारखेच निघाले असते; फरक दिसला असता तो ठेवीच्या रकान्यात.

सरकारी टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर आणि १८८२ साली बचत बँक सुरू केली. पैकी मनीऑर्डरने कोकण जगविले, हे आपण सारे जाणतो. बचत बँक मात्र ज्याला सही करता येते आणि कचेरीच्या पायरीचे भय वाटत नाही अशा कारकून-मास्तरांच्याच उपयोगी बराच काळ पडली. बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापिली, त्यानंतर पंधरा वर्षांनी म्हणजे १९०४ साली सरकारने पतपेढ्यांचा कायदा केला. पण या साऱ्याचा प्रसार होईपर्यंत ज्याला सर्वांत अधिक गरज होती तो मनुष्य गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेला होता.

त्याच्याकडे थोडे सावकाशीने पाहिले पाहिजे. रत्नागिरीहून बोटीने किंवा साताऱ्याकडून आगगाडीने आलेला हा गडी परळ-लालबागला उतरे तो बहुधा आपल्या गावच्या मंडळींच्या खोलीत. तेथे वीस-पंचवीस माणसांचे वळकट्या-ट्रंकांनिशी बिऱ्हाड असे, आणि रात्रपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर दिवसपाळीचा आडवा होई. काम मिळाले तरी प्रथम बदली म्हणून मिळे, तेही जॉबरची मर्जी राखून. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारांहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या दहा तारखेच्या आत चुकता करण्याचे बंधन घातले, आणि ही सुधारणा मानली गेली. म्हणजे सुधारणेनंतरही पहिल्या तारखेस कामास लागलेल्या माणसाला पहिला रुपया पाहण्यास चाळीस दिवस लागू शकत होते. हे चाळीस दिवस तो जेवत कोठे होता? खानावळवालीकडे, उधारीवर. ती कोणाकडून दाणागोटा आणीत होती? वाण्याकडून, तीही उधारीवर आणि चढ्या भावाने. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत कारखानदाराला भांडवल पुरविणाऱ्या पेढ्यांचे सविस्तर वर्णन असते, पण महिनाभराचे श्रम आधी घेऊन दाम मागाहून देणाऱ्या गिरणीला अप्रत्यक्षपणे भांडवल पुरविले ते दहा बाय बाराच्या खोलीत चुलीपुढे बसलेल्या या बाईने, ही नोंद मला कोठे आढळली नाही. तिला बँकेच्या दारापर्यंत न्यावयास १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायांना मिळवून दिले. तोवर वाण्याची वही हीच तिची बँक होती.

गड्याची बँक म्हणजे पठाण. गिरणगावात रुपयामागे दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. वर्षाकाठी शेकडा पंचाहत्तर. दामदुपटीच्या ज्या जुन्या नियमाने व्याजाला मुद्दलापुढे जाऊ दिले नाही, तो या दारी उभ्या असलेल्या दंडुक्याला ठाऊक नव्हता. अशा स्थितीत काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे गळक्या घागरीला पाणी कसे जपावे हे शिकविणे होय. चार माणसे जमवून चालविलेली भिशी हाच काय तो एक सभ्य मार्ग होता. तिचे खरे बळ व्याजात नव्हते, चारचौघांच्या भिडेत होते. महिन्याचे पाच रुपये स्वतःच्या ट्रंकेत टिकत नाहीत ते भिशीत टिकतात, कारण तेथे खाडा केला तर गावी तोंड दाखवायची सोय राहत नाही. पण भिशी लागली की तिचा पैसा एकदम हाती येतो आणि एकदम जातो, बहुधा बहिणीच्या लग्नाला किंवा घराच्या कौलांना. भिशीने अडचण भागते. पायरी चढत नाही.

पायरी चढविणारी योजना आली ती अगदी रुक्ष सरकारी भाषेत, १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याने. प्रथम सहाच उद्योगांना तो लागू झाला, आणि त्यांत कापडगिरण्या होत्या. वर्गणीचा दर ठरला शेकडा सव्वासहा, म्हणजे हिशेबाने पाहता रुपयामागे बरोबर एक आणा. कामगाराने एक आणा घालावयाचा आणि मालकाने तितकाच. ज्या माणसाच्या प्रत्येक उसन्या रुपयातून पठाण दरमहा एक आणा उचलीत होता, त्याच्याच प्रत्येक कमावलेल्या रुपयातून आता एक आणा त्याच्या नावे जमा होऊ लागला, त्यात मालकाची तितकीच भर पडू लागली, आणि मुख्य म्हणजे तो त्याच्या स्वतःच्याही हाताला सहजासहजी लागत नव्हता. कामगार त्याला नुसते ‘फंड’ म्हणत. पोरीच्या लग्नाच्या बोलाचालीत, गावच्या घराच्या आराखड्यात, डॉक्टर-इंजिनिअरच्या शिक्षणाच्या मनोराज्यात हा फंड वडिलधाऱ्या माणसासारखा हजर असे. आमच्या पांढरपेशा टीकाकारांनी यात कामगाराच्या अंगी काटकसरीचा गुण उशिरा का होईना आल्याचे पाहिले असेल; वस्तुतः गुण तोच होता, त्याला कुलूप लावण्याची तजवीज नवी होती.

आता दुसऱ्या एका ठेवीकडे, विद्येच्या ठेवीकडे, वळतो, जिला जप्ती लागत नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ राहत होते. मुलगा पुस्तक मागे, आणि पैसे नसत तेव्हा सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात, रोख मिळाली तर रोख, नाहीतर एखादा दागिना घेऊन तो गहाण टाकीत, पुस्तक आणीत, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करीत. १९०७ साली तो मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील ही हकीकत आपण पितृप्रेमाचा दाखला म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण हिशेबनिसाच्या नजरेने पाहिल्यास या व्यवहाराला तीन पाय होते. एक सुभेदारांचा निर्धार, दुसरा सरकारी पेन्शनीचा नियमितपणा, आणि तिसरा मुलींच्या अंगावरचे सोने. यांतला एकही पाय निघता तर पुस्तक आले नसते. पेन्शन नसती तर दागिना सुटला नसता, आणि एकदा बुडालेला दागिना दुसऱ्यांदा मागता येत नाही.

याच चरित्राचे पुढचे पान काटकसरीच्या पुरस्कर्त्यांनी अवश्य वाचावे. १९१७ साली हे विद्वान गृहस्थ करारानुसार बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. हुद्दा होता, पगार होता, पाश्चात्त्य विद्यापीठाची पदवी होती, आणि राहावयास जागा मात्र त्या शहरात मिळेना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात ते उतरले, तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. वर्ग पैशाने बदलता येतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना मी विचारीन की, भाडे देण्याची ऐपत असून खोली न मिळणारा हा मनुष्य त्या दिवशी कोणत्या वर्गात होता? शिलकेला मुक्काम हवा असे मी म्हणतो, परंतु आपल्या समाजात कित्येकांच्या बाबतीत शिल्लक करणारालाच मुक्काम नाकारला गेला.

विद्येच्या ठेवीचा दुसरा नमुना साताऱ्याचा. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील यांची विक्री करीत जिल्हाभर हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, आणि नंतर साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकामागून एक गेले, अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. येथे कोणतीही पेन्शन नव्हती आणि ते सोने परत येणार नव्हते. हे मी त्यागाची स्तुती करण्यासाठी सांगत नाही, ती पुष्कळांनी केली आहे. मला दिसते ते असे की, एका घराच्या शिलकेने एका घराला वर नेण्याचा जो सर्वसाधारण मार्ग, तो येथे सोडून दिला गेला. एका बाईचे स्त्रीधन अशा मुलांच्या नावे जमा झाले, ज्यांच्याशी तिचे रक्ताचे नाते नव्हते, आणि ‘कमवा व शिका’ या योजनेने त्या मुलांनीही आपल्या घामाची भर त्यात घातली. पश्चिम महाराष्ट्रातील कुणब्याच्या घरात पहिला मास्तर, पहिला मामलेदार, पहिला वकील झाला, त्याच्या मुळाशी वैयक्तिक काटकसरीपेक्षा हा सामायिक खजिना अधिक आहे, असे माझे मत आहे.

गिरणगावाकडे पुन्हा एकदा येतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीशी जखडून टाकली, आणि मालकांच्या दृष्टीने तो अन्याय असेलही. पण त्यामुळे चाळीतील खोली ही कामगार कुटुंबाची सर्वांत मोठी शिल्लक होऊन बसली, जी कोणी ठरवून टाकली नव्हती. पागडीचा व्यवहार कायद्याने निषिद्ध होता आणि सर्वत्र चालू होता. १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि ज्या संपाला आजतागायत रीतसर शेवट नाही त्या संपात भांडी गेली, दागिने गेले, फंड गेला. उरली ती खोली. पुष्कळांनी ती विकून डोंबिवली, विरार, बदलापूर गाठले, दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, आणि राहिलेल्या रकमेत मुलाला अभियांत्रिकीच्या विनाअनुदानित महाविद्यालयात घातले. आज संगणकाच्या कचेरीत बसणारी जी पिढी आपल्या यशाचे श्रेय स्वतःच्या मेहनतीला देते, तिच्यातील कित्येकांची फी त्या दहा बाय बाराने भरलेली आहे.

खोली विकताना मात्र एक कागद लागतो, आणि गावची पाच गुंठे जमीन नावावर करतानाही तोच लागतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. आणि तेव्हापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सह्या करावयास बहिणींना माहेरचे लोक गाडी करून आणू लागले. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात, बदल्यात साडीचोळी घेतात. कोणाच्या बांगड्या भावाच्या पुस्तकांसाठी गहाण पडल्या, कोणाचे शिक्षण भावाची फी भरावी लागली म्हणून सातवीत थांबले, याचा उल्लेख त्या दस्तात नसतो. ‘राजीखुशीने व स्वसंतोषाने’ एवढेच असते. मी माझ्याकडून हिशेब मांडला तो एका बाजूचा आहे, कारण मीही भाऊच आहे. दुसरी बाजू ऐकावयाची असेल तर अध्यक्षमहाराजांनी पुढील वर्षीच्या मालेत याच विषयावर, अशा सहीचा अनुभव असलेल्या एखाद्या भगिनीस बोलवावे, आणि वेळ मात्र मला दिला त्याहून अर्धा तास अधिक द्यावा.