एका फुटबॉल संघाचे चढउतार



बडनेऱ्याच्या फलाटावर उभे राहिले की एका दिशेला मुंबईची गाडी निघते आणि दुसऱ्या दिशेला हावड्याची. आपल्या देशातला फुटबॉल फार दिवस या रुळांच्या दोन टोकांनाच नांदला. मुंबईला 1891 सालापासून रोव्हर्स कपाचे सामने होत, आणि कलकत्त्याचा मोहन बागान संघ त्याच्याही आधीचा, 1889 सालचा. मधल्या आपल्या वऱ्हाडात आखाडा रंगला, कबड्डी रंगली, पुढे क्रिकेट आले. फुटबॉल बहुतेक शाळेच्या कपाटात, हवा गेलेला. तेव्हा एखादा ऐकणारा म्हणेल, "आमाले फुटबॉलचं काय करा लागते, बाप्पा?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मला आज चेंडू कसा मारावा हे सांगायचे नाही. मला एका संघाचे दिवस कसे आले, कसे गेले आणि कशाने गेले ते सांगायचे आहे. ज्याने कापसाची तेजी पाहिली आणि मंदीही पाहिली, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

सुरुवात ब्राझीलपासून करू. पेले हे नाव तुमच्यापैकी ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही त्यांनाही ठाऊक आहे. 1977 साली तो कलकत्त्याला येऊन मोहन बागानविरुद्ध खेळलासुद्धा होता. सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. त्याचे सारे तारुण्य ज्या संघात गेले तो सांतोस, 1912 साली स्थापन झालेला. पेले 2022 च्या डिसेंबरात वारला, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, 2023 च्या डिसेंबरात, सांतोस आपल्या साऱ्या इतिहासात पहिल्यांदा वरच्या वर्गातून खालच्या वर्गात घसरला. तिथला नियमच तसा आहे. दरसाल तळाचे चार संघ खाली जातात, खालच्या वर्गातले चार वर येतात. पेलेचा संघ म्हणून कोणी सूट दिली नाही. सांतोसने 2024 साली खालचा वर्ग जिंकला आणि तो पुन्हा वर आला. खाली उतरायला दार आहे आणि वर यायलाही दार आहे. गुरुजी, एवढे एक वाक्य ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

आता आपल्याकडे या. गोव्यात फुटबॉल आला, तो गावागावांत मुरला. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. तिथल्या डोंगरांत लोखंडाची माती. ती खणायची, होड्यांतून बंदरावर न्यायची आणि परदेशी जहाजांत भरायची, हा मोठा धंदा. त्या धंद्यात काही घराणी वर आली आणि त्यांनी फुटबॉलचे संघ पोसले. साळगावकरांचा संघ 1956 चा. डेंपो घराण्याने डिचोलीच्या संघाचे पालकत्व घेतले. 1968 हे डेंपो स्पोर्ट्स क्लबच्या जन्माचे साल मानतात.

संघ पोसणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शंकरपटावरून ओळखावे. जोडी पळते, घाम बैलांचा निघतो, नाव मालकाचे होते. पण त्या मालकाने बारा महिने सरकी-ढेप चारलेली असते, हेही विसरता येत नाही. डेंपोने आपल्या खेळाडूंना तसे चारले. पगार, मैदान, शिकवणारा माणूस. 1978, 1979 आणि 1986 अशा तीन वेळा या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप गोव्याला नेला.

पुढे 1996 साली साऱ्या देशाची एक राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. लीग म्हणजे एकच दंगल मारून फेटा बांधायचा नाही. वर्षभर प्रत्येकाशी झुंजायचे आणि शेवटी गुण मोजायचे. डेंपोची धुरा आर्मांदो कुलासो या गोव्याच्याच प्रशिक्षकाकडे होती. 2003-04 साली संघ दुसरा आला. मग 2004 साल उजाडले, आणि ब्राझीलची आठवण मी आधी काढली ती नुसत्या पेलेसाठी नव्हती.

क्रिस्तियानो जूनियर हा ब्राझीलचा पंचवीस वर्षांचा जवान त्या साली डेंपोकडून खेळत होता. त्याचा देशबांधव बेटो मधल्या फळीत होता. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगलोरला फेडरेशन कपाचा अंतिम सामना होता, मोहन बागानशी. जूनियरने एक गोल केला. दुसरा गोल मारताना त्याची समोरून धावत आलेल्या गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो खाली पडला. चेंडू जाळ्यात गेला होता. जूनियर उठला नाही. त्याला दवाखान्यात नेले, पण तो वाचला नाही. दोन-शून्य असा सामना जिंकून कप हाती आला, आणि दोन्ही गोल करणारा पोरगा गेला होता. मैदानावर वैद्यकीय मदतीची काय सोय होती, यावर नंतर पुष्कळ बोलले गेले, आणि बोलायलाच हवे होते. आपल्या तालुक्याच्या सामन्यांत तरी कुठे असते? पोट्टं पडलं तर पाणी मारायचं, एवढीच आपली तयारी. डेंपोने त्याची दहा नंबरची बंडी पुढे कोणाला दिली नाही.

त्याच हंगामात, 2005 साली, डेंपोने राष्ट्रीय लीग पहिल्यांदा जिंकली. ज्या संघाने माणूस गमावला तो मोडून पडेल असे वाटावे, पण झाले उलटे. 2006-07 साली पुन्हा जिंकली. 2007-08 साली लीगचे नाव बदलून आय-लीग झाले, तीही पहिली यांचीच. त्या साली गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सचे आणि डेंपोचे गुण अगदी सारखे झाले होते. गोलांच्या फरकाने डेंपो वर राहिला. 2009-10 आणि 2011-12 ही आणखी दोन विजेतेपदे. एकूण पाच. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची पोरे, आणि पुढे गोल मारायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. 2008 साली हा संघ आशियाच्या ए.एफ.सी. कपात उपान्त्य फेरीपर्यंत गेला. आपल्याकडे मात्र त्या साली क्रिकेटच्या नव्या आय.पी.एल.चीच चर्चा चालू होती.

मध्येच एक बाजूची गोष्ट सांगतो. 2005-06 साली ही लीग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकली होती. ज्यांचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात चालतात त्याच कंपनीचा हा संघ, 1962 पासूनचा. 2010 साली कंपनीने तो बंद केला. देशाचा विजेता ठरलेला संघ चार वर्षांनी उरलाच नाही. मालकाने ठरवले की संपले. गिरणीचा भोंगा थांबल्यावर गावाला काय वाटते, हे बडनेऱ्याला मी काय सांगावे! सांतोसचे तसे नाही. तिथे क्लब सभासदांचा असतो आणि अध्यक्ष मते देऊन निवडतात. तेही वाईट चालवतात, कर्जात बुडवतात. पण एका माणसाच्या मनात आले म्हणून कुलूप लागत नाही.

डेंपोला कुलूप लागले नाही. घराण्याने 2009 साली आपला खाणीचा धंदा विकून टाकला. 2012 साली तर साऱ्या गोव्यातल्याच खाणी थांबल्या. तरी संघ राहिला. ही मला मोठी गोष्ट वाटते. पण खेळ खालावला. 2014-15 च्या आय-लीगमध्ये पाच वेळचा विजेता घसरला आणि दुसऱ्या वर्गात उतरला. रडगाणे न गाता तिथे खेळला, आणि पुढच्याच हंगामात, 2015-16 साली, तो वर्ग जिंकून वर जायचा हक्क कमावला. सांतोसने पुढे जे केले तेच.

आणि इथे गोष्ट अडली. 2014 पासून इंडियन सुपर लीग ही वेगळी, पैशाची स्पर्धा सुरू झाली होती. तिच्यात गोव्याचा नवा संघ होता, त्याला शिकवायला ब्राझीलचा झिको आला होता. त्या नव्या संघाच्या भागीदारांत सुरुवातीला डेंपो आणि साळगावकर या घराण्यांतली मंडळीही होती, हेही नमूद करायला हवे. 2016 साली प्रस्ताव पुढे आला की हीच स्पर्धा देशातली पहिली मानायची, आय-लीग तिच्या खालची, आणि खालून जिंकून वर यायची वाट ठेवायची नाही. म्हणजे गुरुजी, चौथीच्या परीक्षेत पोरगा पहिला आला, त्याच्या बापाला तुम्ही सांगितले, "पोरगा हुशार आहे, पण याला पाचवीचा वर्ग नाही. पाचवीत फी भरलेलेच बसतील." डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी त्या वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतले.

त्यांनी बरे केले की वाईट, यावर गोव्यात आजही दोन मते ऐकू येतील. माझे मत विचाराल तर रुसून बसणे मला आवडत नाही. राहून भांडायला हवे होते. कारण मालक बाजूला झाला तेव्हा पगारावर खेळणाऱ्या जवानांची मोठी स्पर्धा गेली, आणि फुटबॉलपटूचे पाय फार तर दहा-बारा वर्षे चालतात. पण बंद वाटेवर पैसा का ओतावा, हा मालकाचा प्रश्नही मला खोडता येत नाही.

डेंपो गोव्याच्या स्थानिक स्पर्धांत खेळत राहिला. काही वर्षांनी त्याने पुन्हा खालून सुरुवात केली. आपल्याहून निम्म्या वयाच्या संघांबरोबर, तिसऱ्या पायरीवर. 2023-24 साली आय-लीगच्या खालच्या वर्गात तो दुसरा आला आणि 2024-25 च्या आय-लीगमध्ये उतरला. दरम्यान वरचे दारही थोडे किलकिले झाले होते. 2022-23 ची आय-लीग जिंकणाऱ्या पंजाबच्या संघाला सुपर लीगमध्ये घेतले, त्याच्या पुढच्या साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला. 2024-25 ची आय-लीग डेंपोने जिंकली नाही. वर्ग मात्र राखला.