अजून ठरलं नाही



दहावीचा निकाल लागला की मुळशी तालुक्यातल्या पौडला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानापुढे मुलं आणि त्यांचे आईबाप ताटकळत बसतात. अकरावीचा हा ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाला. गुण भरून झाले की दुकानदार विचारतो, "शाखा कोणती टाकू?" कला, वाणिज्य, विज्ञान. 'अजून ठरलं नाही' हा पर्याय यादीत नाही. पोरगं बापाकडे बघतं, बाप दुकानदाराकडे. शेवटी दुकानदारच म्हणतो, "सायन्स टाकतो, पुढचं पुढे."

याच तालुक्यात, लवळ्याला, फ्लेम विद्यापीठ आहे. तिथे बारावीनंतर आलेल्या मुलाला मुख्य विषय पहिल्याच दिवशी सांगावा लागत नाही. आधी निरनिराळे पायाभूत विषय शिकायचे, मग ठरवायचं. अमेरिकेतल्या एमआयटीत तर पहिल्या वर्षी कुणीच कुठल्या विभागाचा नसतो. पद्धत उत्तमच. पण लवळ्याची वर्षाची फी लाखांत आहे. म्हणजे न ठरवण्याची मुभासुद्धा ऐपत असेल त्यालाच. हे मला खटकतं.

मग पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याच्या मुलीने काय करावं? दुकानदाराचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. विज्ञानातून कला-वाणिज्याकडे वळता येतं. उलटी वाट जवळपास बंद. मात्र अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलंच समजा, आणि जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकी अवघड. खरोखरच ठरलं नसेल तर दोन्ही विषय घ्यावेत. अभ्यास वाढतो, तो झेपणार असेल तरच. पण गणिताचं नाव काढताच पोटात गोळा येत असेल, तर लोकलाजेपायी दोन वर्षं घालवू नका. पाच वर्षांच्या लॉला कुठल्याही शाखेची बारावी चालते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीलाही मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतले विषय घेता येतात. लहान कॉलेजांत ही यादी तोकडी असते, म्हणून प्रवेशाआधीच ती मागून बघा.

पालकांना एक विनंती. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात. अर्ज भरण्याआधी गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास यांचे सुरुवातीचे धडे मुलांना चाळू द्या. कुठला धडा शेवटपर्यंत वाचावासा वाटला, हे त्यांनाच विचारा, शेजाऱ्यांना नको.