काळ्या शाईचा बांबू
सुमी-ए ही जपानी चित्रकला निव्वळ काळ्या शाईची. काजळी आणि सरस यांची कांडी दगडावर थेंबभर पाण्यात घासली, की शाई तयार. पांढरा रंग नाहीच; कोरा सोडलेला कागद तेच काम करतो.

नवशिक्याचा पहिला धडा बहुधा बांबूचा. कुंचला टेकवा, दाबा, वर सरकवा, क्षणभर थांबा, उचला. झालं एक पेर. त्यावर पुन्हा गिरवायचं नाही, आणि खोडायचं तर विसराच! गुळगुळीत ड्रॉइंग पेपरवर शाई मुरत नाही. शोषून घेणारा हातकागद बघा. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे.

नागपूरला १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही सुमी-एशी निगडित असलेल्या झेन या बौद्ध विचाराची ओढ होती. कागदावर शाईची चित्रं त्यांनीही केली.

सरावाला मात्र घरची रद्दी घ्या. महागडं सामान पहिल्याच दिवशी आणू नका.