आकडा आणि त्याचे परिमाण



"दहा थांबा," असे कोणी म्हणाले, तर आपण लागलीच विचारू, "दहा काय? मिनिटे, तास, की दिवस?" माणूस विचारतो, यंत्र विचारीत नाही. जो आकडा द्यावा तो ते निमूटपणे घेते. संगणकाच्या भाषेत कालावधी कसा लिहावा, या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

काही काळ स्वस्थ राहा, अशी आज्ञा संगणकाला पुष्कळदा द्यावी लागते. युनिक्समध्ये तिचे नाव 'स्लीप', आणि विंडोजमध्येही 'स्लीप'च. परंतु पहिलीत १० म्हणजे १० सेकंद, तर दुसरीत १० सहस्रांश सेकंद. शब्द तोच, आकडा तोच, फरक हजारपटींचा!

परिमाण मनात ठेवून नुसता आकडा देणे किती महाग पडते, ते १९९९ साली दिसले. अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाच्या फार जवळ जाऊन कायमचे हातचे गेले. एका प्रोग्रॅमने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले होते. दुसरीकडे ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले गेले. फरक जवळजवळ साडेचारपटींचा. पण नुसत्या आकड्यावर यंत्र हरकत ती कशी घेणार?

उपाय साधा आहे: परिमाण आकड्यालाच जोडावे. प्रोग्रॅममध्ये जसेच्या तसे लिहिलेले जे मूल्य, त्यास लिटरल म्हणतात. 'सी प्लस प्लस' भाषेच्या २०१४ च्या आवृत्तीत १० ला लागून 'एस' लिहिले की १० सेकंद, 'एमएस' लिहिले की १० सहस्रांश सेकंद, 'एच' लिहिले की १० तास, अशी सोय झाली. ही शोभेची शेपटी नव्हे. सेकंदांच्या जागी २ मिनिटे दिली, तर कंपायलर आपण होऊन १२० सेकंद करतो. पण ९० सेकंद पूर्ण मिनिटांच्या खणात कोंबू पाहाल, तर तो साफ नकार देतो. उरलेले अर्धे मिनिट कोठे टाकावे, ही त्याची अडचण रास्तच आहे.

तासापर्यंत हे ठीक, दिवसाचे काय? 'गो' या भाषेने नॅनोसेकंदापासून तासापर्यंत परिमाणे दिली, दिवस मात्र मुद्दाम वगळला. ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करून नंतर मागे घेतात, तेथे वर्षात एक दिवस २३ तासांचा व एक २५ तासांचा होतो. आपल्याला हा भेद नवा नाही. घटका नेहमी २४ मिनिटांची. तिथी मात्र लहानमोठी होते.

वाण्याच्या वहीत "पाच दिले" एवढेच लिहून भागत नाही. शेर की पायली, हे लिहावेच लागते, कारण उद्या वही दुसराच कोणी वाचणार असतो. प्रोग्रॅमही दुसराच कोणी वाचतो. मनातले परिमाण लिहिणाऱ्याबरोबर निघून जाते. आकड्याशेजारी लिहिलेले मागे राहते, आणि यंत्रालाही ते तपासता येते.