संशोधन मोहिमा आणि खात्यांचा समन्वय
(म्हापसा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगांव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेचे जहाज भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम घेऊन निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हवामान खाते, नौदल अशा निरनिराळ्या संस्थांची माणसे होती. प्रत्येकाचे वरिष्ठ व नियम वेगळे; जहाज मात्र एकच. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी त्या हिमखंडावर उतरली.

तेथील उन्हाळा अल्प असतो. विसरलेले उपकरण आणावयास जहाज परत फिरत नाही. म्हणून कोणी काय आणावयाचे, जहाजावर कोणास किती जागा द्यावयाची, नोंदी कोणाकडे जमा करावयाच्या व इतरांस त्या केव्हा मिळावयाच्या, हे बंदर सोडण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे.

आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल ज्याचा त्याचा असतो. वार मात्र सर्वांनी मानलेला असतो. समन्वय तो हाच. एका टेबलावर अडकलेली फाईल सर्वच संस्थांचा हंगाम बुडवू शकते, याचे भान प्रत्येक खात्याने ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.